मागचं बाक आणि कपाटातली फाइल

वसई तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा असा:

वय ३६. नोकरी करतात, आईवडिलांकडे राहतात. २७व्या वर्षी चर्चमध्ये लग्न झालं. पाच वर्षांच्या संसारात मूल झालं नाही. त्यांची लॅप्रोस्कोपी झाली, एचएसजी म्हणजे गर्भनळ्यांची एक्स-रे तपासणी झाली (दोन्ही नळ्या मोकळ्या), दोन वेळा आययूआय (धुतलेलं वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) झालं, ३१व्या वर्षी एएमएच या रक्ततपासणीचा आकडा १.१ आला. नवऱ्याची तपासणी 'कधी झालीच नाही'. माहीमच्या नऊ बुधवारच्या नोव्हेना (नवसाच्या प्रार्थना) झाल्या, बांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचं बाळ वाहून झालं. अखेर दोन वर्षांपूर्वी परस्पर संमतीने कोर्टातून घटस्फोट झाला. तेव्हापासून त्या मिस्सेला मागच्या बाकावर बसतात, कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) घेत नाहीत. आता ओळखीतल्या एका ४१ वर्षांच्या कॅथलिक विधुराने लग्नाचं विचारलं आहे. त्यांना नऊ वर्षांची मुलगी आहे, येत्या मे महिन्यात तिचं पहिलं कम्युनियन आहे. ते म्हणतात, 'मला आता मूल नकोच.' त्यांची आई मात्र नातवाची वाट पाहते. वाचक भगिनींची आई सांगते, 'आधीचं औषधपाणी त्यांना सांगू नकोस.' त्यांचे प्रश्न असे: माझं वांझपण दुसऱ्याच्या घरी नेणं बरोबर आहे का? चर्च माझं लग्न पुन्हा लावेल का? आणि देवाने एवढं मागूनही दिलं नाही, ही शिक्षाच ना?

*

ताई, आधी मागच्या बाकाचं बोलू, कारण तो प्रश्न सगळ्यांत सोपा आहे आणि त्यासाठी तुम्ही दोन वर्षं विनाकारण सोसलंत. घटस्फोट झाला म्हणून कम्युनियन बंद होत नाही. कोर्टाने दिलेला घटस्फोट हा चर्चच्या दृष्टीने तुमच्या विवाहबंधाला हात लावत नाही. तुम्ही वेगळ्या राहता, एवढाच त्याचा अर्थ. अडचण येते ती अ‍ॅनलमेंट (लग्न मुळातच अवैध होतं असा चर्चचा निर्णय) न घेता दुसरं लग्न केलं तर. तुम्ही ते केलेलं नाही. तेव्हा पापनिवेदन करून इतर कोणत्याही श्रद्धावंताप्रमाणे तुम्ही रांगेत उभ्या राहू शकता. हा गैरसमज आपल्या गावांत इतका पक्का बसलाय की घटस्फोटित बाई कम्युनियनला उठली तर शेजारचं बाक कुजबुजतं. कुजबुजणाऱ्यांपैकी कोणी कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, वाचलेला नसतो.

दुसरा शब्द 'वांझ'. तुमच्या फाइलमधल्या एकाही कागदावर तो नसणार. तुम्ही पाठवलेल्या माहितीत नळ्या मोकळ्या आहेत, पाळी नियमित आहे आणि एएमएच वयाच्या मानाने कमी आहे. एएमएच हे बीजकोषात अंडी साधारण किती उरलीत याचा अंदाज देतं. इंजेक्शनं दिली तर किती अंडी हाती लागतील हे ठरवायला डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. नैसर्गिकरीत्या गर्भ राहील की नाही, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. कमी एएमएच असलेल्या बायकांना दिवस जातात आणि भरपूर एएमएच असलेल्यांना जात नाहीत, हे दवाखान्यात रोज दिसतं.

आता तुमच्या पत्रातल्या शेवटून तिसऱ्या ओळीकडे येऊ. लग्नाच्या पहिल्याच वर्षी कपाटात नवऱ्याच्या नावाची एका लॅबची फाइल तुम्हाला दिसली आणि सासूबाईंनी ती हातातून काढून घेतली, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. खरं म्हणजे तुमच्या पत्राची सुरुवात या ओळीने व्हायला हवी होती.

'नवऱ्याची तपासणी झालीच नाही' हे खरं असू शकत नाही, कारण तुमचं आययूआय झालं आहे. आययूआयच्या दिवशी नवऱ्याचा नमुना घेतात, तो धुतात आणि धुण्याआधीची व नंतरची शुक्राणूंची संख्या एका कागदावर नोंदवतात. दोन वेळा आययूआय म्हणजे असे दोन कागद. ते तुमच्या उपचारांच्या फाइलमध्येच असण्याची शक्यता मोठी आहे. 'पोस्ट वॉश' असं लिहिलेला कागद शोधा. धुतल्यानंतर हालते शुक्राणू एकूण ५० लाखांहून कमी असतील, तर आययूआय लागण्याची शक्यता मुळातच बरीच घटते. धुण्याआधीच्या नमुन्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेतली खालची मर्यादा अशी: दर मिलीलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, आणि त्यांतले ४२ टक्के हालते. तुमच्या कागदावरचे आकडे यापुढे ठेवून पाहा. मूल न होण्यामागे पुरुषाचं कारण असणं मुळीच दुर्मीळ नाही, तरीही लॅप्रोस्कोपी बाईची आधी होते आणि चमचाभर नमुन्याची तपासणी मागाहून, किंवा होतच नाही. भूल देऊन पोटाला भोकं पाडणं सोपं वाटतं आणि पुरुषाला डबी देणं अवघड, ही आपल्याकडची तऱ्हा.

यातून नवऱ्यावर दोष सरकवावा असं मी सुचवत नाही. त्या फाइलमध्ये काविळीचा रिपोर्टही असू शकेल. पण पाच वर्षं सगळा भार तुम्ही एकटीने वाहिला तो पुराव्याशिवाय, एवढं मात्र तुमच्याच कागदांवरून दिसतं.

त्या फाइलचा दुसरा धागा चर्चच्या कायद्याशी जोडलेला आहे, आणि तुमच्या आईच्या सल्ल्याशीही.

कॅनन १०८४ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. लग्नाआधीपासून असलेली आणि कायमची शारीरिक संबंधांची असमर्थता विवाह अवैध ठरवते. मूल न होणं विवाहाला आडवं येत नाही आणि तो अवैधही करत नाही. सत्तर वर्षांच्या विधुर-विधवेचं लग्न चर्च विनातक्रार लावतं, ते याच आधारावर. म्हणजे 'मला मूल होत नाही म्हणून चर्च लग्न लावणार नाही' ही भीती सोडून द्या. पण त्याच कलमाच्या शेवटी कॅनन १०९८ राखून ठेवलं आहे. समोरच्याची संमती मिळवण्यासाठी, संसार मुळापासून हलवू शकेल असा आपल्यातला एखादा गुण किंवा उणीव जाणूनबुजून लपवली, तर तो विवाह अवैध ठरतो. वंध्यत्व लपवणं हे याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण आहे.

हे कलम दोन्हीकडे लागू पडतं. पहिल्या लग्नाआधीच तुमच्या नवऱ्याला आपला दोष ठाऊक होता आणि तुमचा होकार मिळावा म्हणून तो झाकला, असं दिसून आलं तर अ‍ॅनलमेंटसाठी तो आधार होऊ शकतो. इथे रिपोर्टची तारीख सगळ्यात महत्त्वाची. लग्नाच्या आधीची असेल तर मुद्दा उभा राहतो. नंतरची असेल तर तो दुःखद प्रसंग राहतो, आधार होत नाही. आणि तुमच्या आईचं ऐकून तुम्ही आता तुमच्या फाइली लपवल्या, तर नव्या लग्नाच्या पायात तोच सुरुंग तुम्ही स्वतः पेरता. आईची भीती समजते, एकदा भाजलेलं लेकरू पुन्हा चुलीपाशी जाऊ नये असं तिला वाटतं. पण हा सल्ला पाळू नका.

ट्रिब्युनलकडे, म्हणजे चर्चच्या न्यायालयाकडे, जायचं ठरलं, तर काय करायचं ते आता जरा सविस्तर सांगते, कारण इथेच लोकांची वर्षं वाया जातात.

अर्ज कुठे करायचा? जिथे लग्न लागलं ते धर्मप्रांत, किंवा तुम्ही दोघांपैकी कोणीही जिथे राहतं ते, किंवा बहुतेक पुरावा जिथे मिळेल ते. तुमच्या पॅरिश प्रीस्टना भेटलात की ते ऑफिसचा पत्ता आणि अर्जाचा नमुना देतील. सोबत तुमचा बाप्तिस्म्याचा नवा उतारा (जुना लॅमिनेट केलेला चालत नाही, शक्यतो सहा महिन्यांच्या आतला घ्या), चर्चमधला विवाहाचा दाखला, कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रत आणि माजी नवऱ्याचा चालू पत्ता हवा. पत्ता चुकीचा दिला की नोटीस परत येते आणि महिने जातात. त्याने उत्तरच दिलं नाही तर? खटला थांबत नाही, फक्त त्याला कळवल्याची नोंद व्हावी लागते.

मग तुमची हकीकत लिहून द्यायची असते, आणि बरेच अर्ज कच्चे राहतात ते इथे. लोक भांडणं लिहितात: तिसऱ्या वर्षी काय बोलले, पाचव्या वर्षी कोणी घर सोडलं. ट्रिब्युनलला त्यात फारसा रस नसतो. त्यांचा प्रश्न एकच असतो, लग्नाच्या दिवशी 'हो' म्हटलं तेव्हा त्या 'हो'मध्ये काही उणं होतं का? म्हणून स्थळ कसं आलं, किती वेळा भेटलात, साखरपुड्यानंतर काय बोलणी झाली, कोणी घाई केली, लग्नाच्या आठवड्यात काय घडलं आणि पहिल्या सहा महिन्यांत काय लक्षात आलं, हे बारकाईने लिहा. साक्षीदार तीन ते पाच असावेत आणि तुम्हाला लग्नाआधीपासून ओळखणारे हवेत. ऐकीव माहिती सांगणाऱ्या दहा मावश्यांपेक्षा तेव्हाची एक मैत्रीण जास्त कामाची. फाइलविषयी तेव्हा तुम्ही कोणाजवळ बोलला असाल, तर त्या व्यक्तीचं नाव जरूर द्या. नवऱ्याचे रिपोर्ट लॅबमधून ओळखीने काढून आणायचा प्रयत्न मात्र करू नका, ते त्याचे खासगी कागद आहेत. त्याविषयी त्याला विचारण्याचा अधिकार ट्रिब्युनलला आहे.

फसवणूक हा एकच आधार नसतो. विवाहाचं गांभीर्य पेलण्याइतकी समज किंवा मानसिक क्षमता नसणं (कॅनन १०९५), मुलं किंवा निष्ठा मनातूनच नाकारून संमती देणं (११०१), दबावाखाली होकार (११०३) असे इतरही आहेत. तुमच्या बाबतीत कोणता बसतो हे तिथले जाणकार ठरवतील. तुम्ही आधी कलम निवडून त्यात आयुष्य कोंबायला जाऊ नका. विवाहबंधाच्या बाजूने बोलणारा एक अधिकारी प्रत्येक खटल्यात असतो. त्याने उलट प्रश्न केले की बायकांना वाटतं, फादर आपल्या विरुद्ध आहेत. ते त्याचं कामच आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५मध्ये ही प्रक्रिया सुटसुटीत केली. पूर्वी दोन न्यायालयांचे सारखे निकाल लागायचे, आता एक पुरतो. निकाल कळवल्यापासून पंधरा दिवसांत अपील झालं नाही तर तो लागू होतो. दोघंही राजी असतील आणि पुरावा उघड असेल, तर बिशपांसमोरची छोटी प्रक्रियाही आहे. नेहमीच्या खटल्याला पहिल्या पायरीवर एका वर्षाहून जास्त लागू नये असा नियम आहे, प्रत्यक्षात थोडं मागेपुढे होतं. 'रोमला जावं लागतं, लाखो रुपये लागतात' हे ऐकीव आहे. फी परवडत नसेल तर तसं सांगा, माफी मिळते. आणि निकाल तुमच्या बाजूने लागेलच असंही नाही. म्हणून हातात निकाल येईपर्यंत हॉल बुक करू नका आणि त्या गृहस्थांना तारीख देऊ नका.

अ‍ॅनलमेंट आणि कोर्टाचा घटस्फोट यांतलं एक दुसऱ्याची जागा घेत नाही. चर्चच्या न्यायालयाचा निकाल दिवाणी घटस्फोटाच्या जागी चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये स्पष्ट केलं. तुमच्याकडे कोर्टाचा हुकूमनामा आहे आणि अपिलाची मुदतही उलटून गेली आहे, म्हणजे देशाच्या कायद्याने तुम्ही मोकळ्या आहात. त्यामुळे आज रजिस्टर लग्नही करता येईल. विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. ते लग्न कायद्याने पूर्ण पक्कं असेल, पण मग मागचं बाक खरोखरच तुमच्या वाट्याला येऊ शकेल. तुमच्या पत्रातली निम्मी वेदना त्या बाकाची आहे. तेव्हा वर्षभर थांबायची तयारी असेल तर थांबावं, असं माझं मत.

आता त्या गृहस्थांच्या वाक्याविषयी. 'मला आता मूल नकोच' हे ऐकून तुम्हाला हायसं वाटलं, असं तुम्ही लिहिता. जुन्या करारातली हन्ना आठवते? मूल नाही म्हणून ती रडते, आणि एलकाना तिला विचारतो, दहा मुलांपेक्षा मी तुला जास्त नाही का? प्रेमळ प्रश्न आहे, पण एलकानाला पनिन्नेपासून मुलं होतीच. त्याला विचारायला सोपं होतं. या गृहस्थांनाही मुलगी आहे. त्यांचं पोट भरलंय म्हणून तुमची भूक मिटत नाही. तुम्हाला मूल हवंय का, हा प्रश्न तुमच्या चार पानी पत्रात कुठेही आलेला नाही. सासूला हवं होतं, यांच्या आईला हवंय, यांना नकोय. तुमचं काय?

त्या वाक्यात चर्चच्या बाजूनेही एक खाच आहे. लग्नाआधी फादर दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात, मुलांना तुमची तयारी आहे का? 'नाही झालं तरी चालेल' हे उत्तर ठीक आहे. 'होऊच द्यायचं नाही' असा पक्का निश्चय करून लग्न केलं, तर तो स्वतःच विवाह अवैध होण्याचा आधार ठरतो. त्यांच्या मनात यांतलं नेमकं काय आहे, ते विचारून घ्या.

हे बोलणं दोघांनीच करा, घरच्यांना मध्ये न घेता. फाइल बरोबर न्या आणि साध्या शब्दांत सांगा: 'माझ्या या तपासण्या झाल्या, हे उपचार झाले, गर्भ राहिला नाही. कारण पक्कं सापडलेलं नाही. पुढे मूल होईल की नाही, मला माहीत नाही.' माफी मागू नका आणि 'वांझ' शब्द वापरू नका. त्यांनी आपल्या आईला काय सांगायचं, ते काम त्यांचं. ते करायला ते कचरत असतील तर लग्नाआधीच कळलेलं बरं.

मूल हवं असं तुमचं उत्तर निघालं, तर लग्न ठरताच लॅप्रोस्कोपीची मूळ शस्त्रक्रिया-नोंद मिळवा, नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) दिसलं होतं का, ते तिथेच लिहिलेलं असतं. थायरॉइड आणि रुबेलाची तपासणी करून घ्या. रुबेलाची लस घ्यावी लागली तर त्यानंतर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नसतात. प्रयत्न सुरू करण्याआधी किमान महिनाभर रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्या. त्यांचीही वीर्यतपासणी करा, त्याआधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन झालेलं नसावं. नऊ वर्षांपूर्वी बाप झालेला माणूस आजही तसाच असेल असं नाही. पस्तिशीनंतर वर्षभर वाट पाहत नाहीत, सहा महिन्यांत डॉक्टर गाठायचा.

उपचारांत चर्चची रेघ कुठे आहे, हेही माहीत असू द्या. हार्मोनच्या गोळ्या, अंडं फुटण्याची औषधं, नळ्यांची किंवा एंडोमेट्रिओसिसची शस्त्रक्रिया यांना हरकत नाही. आयव्हीएफ आणि परक्याचं वीर्य यांना आहे, आणि १९८७च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजानुसार नवऱ्याच्या वीर्याने केलेल्या नेहमीच्या आययूआयलाही. तुम्हाला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. न कळता झालेल्या गोष्टीचा अपराध तसा धरला जात नाही, मनाला टोचत असेल तर पापनिवेदनात एकदा सांगून मोकळ्या व्हा. पण आययूआय केलं म्हणून संसार मोडला, असं गणित मांडू नका. शिक्षेचा प्रश्न शिष्यांनीही विचारला होता, जन्मांध माणसाकडे पाहून: पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? योहानाच्या नवव्या अध्यायात येशूचं उत्तर आहे: दोघांनीही नाही. माउंट मेरीच्या पायऱ्यांवरची मेणाची बाळं ही विनवणी आहे. ती नाकारली गेली म्हणून कोणी आरोपी ठरत नाही.

दत्तकाचा पर्यायही मोकळा आहे, पण त्याला घड्याळ आहे. दांपत्याला 'कारा'वर (दत्तकाचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदणी करायची तर दोन वर्षांचा स्थिर संसार लागतो, आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोघांच्या वयाची बेरीज ८५च्या आत हवी. आज तुमची बेरीज ७७ आहे. वर्षभराने लग्न आणि पुढे दोन वर्षं धरली तर ती ८३ होईल, म्हणजे नोंदणी लगेच करावी लागेल. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ती मर्यादा ९० आहे.

आणि एक मूल तर आत्ताच समोर आहे. लग्न केल्याने तुम्ही कायद्याने तिच्या आई होत नाही. पूर्वी ख्रिस्ती कुटुंबांना १८९०च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं. आता बाल न्याय कायद्याखाली सावत्र आईला पूर्ण दत्तक घेता येतं. त्यासाठी दोन वर्षांची अट नाही, वयाच्या बेरजेचीही नाही. नोंदणी काराच्या पोर्टलवर होते, जिल्हाधिकारी आदेश देतात, आणि मूल पाच वर्षांवरचं असेल तर त्याची संमती घेतात. म्हणजे ती 'हो' म्हणाली तरच. तिला आईची आठवण असणार. तिच्याशी ओळख आधी नावाने होऊ द्या, 'आई' म्हणायला कोणी शिकवू नये.

मे महिन्यात तिचं पहिलं कम्युनियन आहे. तोपर्यंत ट्रिब्युनलचा निकाल आलेला नसेल, तेव्हा त्यांच्या कुटुंबाच्या बाकावर बसायला जाऊ नका. त्या दिवशीचे फोटो तिच्या आईच्या माणसांचेही आहेत. मधल्या एखाद्या बाकावर बसा. त्याच्या आधल्या शनिवारी पापनिवेदनाला जाऊन या. मुलांची रांग संपली की मोठ्यांची लागते, तिच्यात उभं राहायला तुम्हाला कोणत्याच कागदाची गरज नाही.